ऋतू पाहून भरावी गडवाटेची पिशवी

सत्तरीच्या घरातल्या आजोबांनी किंवा आजींनी ‘या वेळी मीही गडावर येणार’ असे म्हटले, की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, ‘आता या वयात कशाला?’ दुसरा म्हणतो, ‘येऊ द्या, काही होत नाही.’ पहिल्या पक्षाच्या बोलण्यात काळजी असते, दुसऱ्याच्या बोलण्यात उत्साह असतो; आणि ज्यांच्याविषयी हे बोलणे चाललेले असते ते बहुधा गप्प बसतात. वाचकहो, या वादाचा निकाल वयाच्या आकड्यावर लागत नाही. तेच शरीर वैशाखात, श्रावणात आणि पौषात तीन निरनिराळ्या तऱ्हांनी वागते. म्हणून ‘जावे की न जावे’ असे विचारण्याऐवजी ‘कोणत्या ऋतूत जावे आणि सोबत काय न्यावे’ असे विचारले, तर घरातील दोन्ही पक्ष एकाच बाजूला येऊन बसू शकतात. ती बैठक पिशवी भरतानाच घडते.

आरंभीच एक मर्यादा सांगतो. अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असणे, थोड्या श्रमाने छातीत दुखणे, रक्तदाब आटोक्यात नसणे, बसल्या जागी दम लागणे, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असणे, यांपैकी काहीही असेल तर कितीही चांगली पिशवी उपयोगाची नाही. तेथे डॉक्टरांचा शब्द अखेरचा. इतरांनीही जाण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे आणि ‘मी अमुक गडावर, अमुक महिन्यात जाणार आहे’ असे नेमके सांगावे. रोज तासभर चालण्याची सवय काही आठवडे आधीपासून असावी आणि घराचे दोन मजले दम न लागता चढता यावेत. हे जमत असेल, तर शिवनेरीच्या पायऱ्या किंवा लोहगडाची रुंद पायवाट यांचा विचार करण्यास हरकत नाही. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांचा विचार मात्र त्यानंतरचा.

वय वाढते तसे काय बदलते?

तरुणांच्या यादीत आणि आपल्या यादीत फरक का असावा, हे आधी समजून घेऊ. वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते. शरीरातील पाणी कमी झालेले असते, पण घसा तसे सांगत नाही. उन्हात घाम येऊन शरीर निवण्याची आणि थंडीत ऊब टिकवून धरण्याची क्षमताही मंदावते. तोल सावरण्यास क्षणभर अधिक लागतो. आणि चौथी गोष्ट म्हणजे औषधे. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या, मधुमेहाच्या गोळ्या घरी जशा वागतात तशाच त्या उन्हातल्या चढावर वागतील असे नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळीने शरीरातील पाणी व क्षार आधीच कमी होत असतात. त्यात घामाची भर पडली की उभे राहताना चक्कर येते. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. त्या दिवशी मात्रा कोणती आणि वेळ कोणती, हे डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून घ्यावे.

तहान, तापमान, तोल आणि औषध ही चार नावे ध्यानात ठेवली, तर पिशवीत काय हवे हे पाठ करावे लागत नाही.

बाराही महिने सोबत असणारे

पहिला नियम असा की, ज्याचे औषध त्याच्याच अंगावर असावे. पुष्कळ कुटुंबांत सगळ्यांची औषधे एकाच मोठ्या पिशवीत भरली जातात, ती पिशवी नातवाच्या पाठीवर असते आणि नातू सर्वांत पुढे गेलेला असतो. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, दम्याचा पंप, साखर उतरल्यास घ्यायचे ग्लुकोज, या तीन वस्तू सदऱ्याच्या किंवा कमरेच्या खिशातच हव्यात. त्यांचा दुसरा संच सोबत्याकडे असावा. जिभेखालची गोळी बसून घ्यावी, कारण तिने रक्तदाब उतरतो आणि उभ्या माणसाला भोवळ येऊ शकते. ती मूळ वेष्टनातच ठेवावी. ऊन आणि उजेड लागून तिचा गुण कमी होतो. पाच मिनिटांत कळ थांबली नाही, तर पुढची वाट त्या दिवशी संपली असे समजावे, त्याच जागी विसावावे आणि १०८ क्रमांकावर मदत मागावी. अशी कळ आयुष्यात प्रथमच आली असेल, तर पाच मिनिटेही थांबू नये.

दुसरा नियम वेळेचा. गडावर जायचे म्हणून घर पहाटे चारला सोडले जाते आणि रोज सकाळी सातला घ्यायची गोळी फडताळातच राहते. म्हणून त्या दिवसाच्या सर्व मात्रा छोट्या डबीत कप्प्याकप्प्यांनी भराव्यात आणि त्यांत एका दिवसाची औषधे जादा ठेवावीत. वाटेत गाडी बिघडली किंवा पावसाने अडवले तर ती कामी येतात. मधुमेह असणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन, समोर अन्न आल्याखेरीज घेऊ नये. पायथ्याशी नाश्ता मिळेलच असा भरवसा धरून घरी गोळी घेणे आणि मग बंद हॉटेलसमोर उभे राहणे, यात धोका आहे.

साखर उतरल्यावर हातपाय थरथरणे, घाम येणे, छाती धडधडणे ही लक्षणे दिसतात. चढावर ती दमल्याचीच लक्षणे वाटतात, ही खरी अडचण. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तर धडधड जाणवतच नाही. शंका आली की थांबावे आणि तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. पेढा किंवा चॉकलेट या कामी मंद ठरते, कारण स्निग्ध पदार्थामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे औषध सुरू असणाऱ्यांसाठी घरची साखरही उशिरा काम करते. त्यांनी ग्लुकोजच जवळ बाळगावे.

तिसरी वस्तू कागद. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर नाव, वय, रक्तगट, आजार, औषधांची नावे व मात्रा, ज्या औषधाची ॲलर्जी आहे त्याचे नाव आणि घरच्या दोन माणसांचे दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत लिहावेत. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर ते लाल शाईने लिहावे; अशा माणसाच्या डोक्याला पडून मार लागला आणि बाहेर काही दिसत नसले, तरी त्याला रुग्णालयात दाखवणे आवश्यक असते. दऱ्याखोऱ्यांत मोबाइलला रेंज नसते तेव्हा असा कागद बोलतो. त्याच कागदाशेजारी एक शिटी बांधून ठेवावी. वाट चुकलेल्याला हाका मारून घसा बसतो. शिटी फुंकायला मोठा दम लागत नाही.

चष्म्याविषयी थोडे. एकाच भिंगात दूरचे आणि जवळचे नंबर असणारा चष्मा घरात सोयीचा असतो. पण पायऱ्या उतरताना आपण खाली पाहतो, तेव्हा नजर वाचनाच्या भागातून जाते आणि पायरीची कड धूसर दिसते. उतरणीसाठी केवळ दूरच्या नंबराचा जुना चष्मा असेल तर तो न्यावा, आणि कोणताही चष्मा मागून दोरीने बांधावा.

काठी हा म्हातारपणाचा शिक्का आहे, असे समजून ती घरी ठेवणारे बरेच असतात. उतरताना गुडघ्यांवर चढण्याहून अधिक भार येतो आणि काठी त्यातला काही भार हातावर घेते. टोकाला रबर बसवलेली, मूठ हातात नीट बसणारी काठी असावी. बूट नवे कोरे नसावेत आणि फार जुनेही नसावेत. चार-पाच वर्षे माळ्यावर ठेवलेल्या बुटाचा तळ वरून धड दिसतो, पण त्याचा डिंक वाळलेला असतो आणि तो नेमका उतरणीवर सुटतो. निघण्यापूर्वी आठवडाभर तेच बूट घालून रोज चालावे. चालून पाऊल थोडे सुजते. म्हणून बुटात बोटांपुढे अंगठ्याच्या जाडीइतकी जागा असावी आणि नखे कापलेली असावीत.

याखेरीज डोक्याला बांधायचा छोटा दिवा, मोजक्या पट्ट्या व मलम, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, मऊ दशमी, केळी. कवळी वापरणाऱ्यांनी कडक चिक्कीच्या मोहात पडू नये. पाण्यासह सगळे मिळून पिशवीचे वजन तीन ते चार किलोंच्या वर जाऊ देऊ नये. जास्त होत असेल, तर औषध, पाणी व कागद आपल्याजवळ ठेवून बाकीचे सोबत्याच्या पाठीवर द्यावे.

पावसाळा : कोरडे राहण्याची युक्ती

पावसात सह्याद्री सर्वांत देखणा असतो आणि पायाखाली सर्वांत फसवा. लोहगडाच्या पायऱ्यांवरून या दिवसांत पाण्याचे पाट वाहतात आणि सुट्टीच्या दिवशी गर्दीही लोटते. घसरलेला एक माणूस आपल्याबरोबर दुसऱ्यालाही पाडतो. ज्येष्ठांनी पावसाळ्यात जायचे असेल तर आठवड्याचा मधला दिवस निवडावा, वाट रुंद व परिचित असावी आणि हवामान खात्याचा इशारा असेल त्या दिवशी घरीच थांबावे.

पिशवीत छत्रीऐवजी अंगभर रेनकोट हवा. माथ्यावरचा वारा छत्री उलटी करतो, आणि छत्री सावरणारा हात कठड्याला धरायला मोकळा राहत नाही. सुती कपडे या ऋतूत वर्ज्य समजावेत. भिजलेले सुती कापड पाणी धरून ठेवते आणि अंगातली ऊब शोषून घेते; श्रावणातल्या गार वाऱ्यात, बाहेर फारशी थंडी नसतानाही, वृद्ध माणूस कुडकुडू लागतो. लवकर वाळणाऱ्या कापडाचा एक पूर्ण जोड, दोन जोडी मोजे आणि एक टॉवेल, हे सगळे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवावे. पाठीवरच्या पिशवीला बाहेरून आवरण असले तरी शिवणीतून पाणी शिरतेच. म्हणून आतली वेगळी पिशवी महत्त्वाची.

औषधांना या दिवसांत दमटपणाची भीती. रक्तशर्करा तपासण्याच्या पट्ट्यांची बाटली उघडी राहिली तर पट्ट्या चुकीचा आकडा दाखवतात. कोरड्या हाताने एक पट्टी काढून झाकण लगेच लावावे. श्रवणयंत्र पावसाचा जोर असताना काढून कोरड्या डबीत ठेवावे. मात्र त्या वेळात सोबत्याने मागून हाक न मारता समोर येऊन किंवा खांद्याला हात लावून सांगावे.

पायांना जपणे हे मधुमेहींचे या ऋतूतले पहिले काम. ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना बुटात गेलेला खडा किंवा झालेला फोड कळत नाही. दर तासाला बसून बूट काढावेत, पाऊल पुसून बोटांच्या बेचक्यांत पाहावे, मोजे बदलावेत. पायाला भेग वा जखम असेल तर पाणी न शिरणारी पट्टी लावून मगच ओढा ओलांडावा. साचलेल्या वा वाहत्या पाण्यातून चालून आल्यावर पुढल्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी. लेप्टोस्पायरोसिसचे निदान त्यामुळे लवकर होऊ शकते.

भीमाशंकर, आंबोलीसारख्या दाट रानांत जळवा असतात. जळू चिकटली तर ओढून तोडू नये. नखाची कड तिच्या तोंडापाशी हलकेच सरकवली की ती सुटते. नंतर जागा धुऊन कापसाने दाबून धरावी. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांना अधिक वेळ दाबावे लागेल. त्यासाठी कापूस आणि पट्टी त्यांच्याकडे जास्त असावी. आणि पावसातही पाणी प्यायचेच. रेनकोटाच्या आत घाम भरपूर येतो, फक्त तो दिसत नाही.

हिवाळा : थर चढवणे आणि उतरवणे

पाऊस सरल्यावर लगेच हिवाळा येत नाही. मधे ऑक्टोबरचे ऊन असते आणि गवत कमरेपर्यंत वाढलेले असते. त्या गवताखाली पायरी की खळगा हे काठीने चाचपूनच पाऊल टाकावे. खऱ्या अर्थाने आपला ऋतू मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा. वाटा वाळलेल्या असतात, ऊन सोसवते, दूरवरचे दिसते. वर्षातून एकदाच जायचे असेल, तर ज्येष्ठांनी याच दिवसांत जावे.

पण या ऋतूचे धोके पहाटे असतात. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जोर लावावा लागतो. अशा वेळी गाडीतून उतरताच भराभर चढायला लागणे योग्य नाही. ऊन वर येऊ द्यावे, पहिला अर्धा तास गप्पा मारता येतील इतक्याच गतीने चालावे. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी नाकातोंडावरून सैल मफलर घ्यावा, म्हणजे आत जाणारी हवा थोडी कोमट होते. त्यांचा पंप पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात न ठेवता आतल्या खिशात अंगाजवळ असावा. फार गार झालेल्या पंपातून औषधाची मात्रा कमी निघते.

कपड्यांचा नियम असा, की एका जाड स्वेटरपेक्षा तीन पातळ थर चांगले. अंगालगत घाम शोषून लवकर वाळणारा सदरा, त्यावर लोकरीचे काही, आणि सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट. चढताना अंग तापले की एक थर उतरवावा आणि माथ्यावर पोचताच पुन्हा चढवावा. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरते, आणि वाऱ्यात ते त्याहून कमी भासते. घामाने ओला झालेला सदरा माथ्यावरच्या वाऱ्यात तसाच अंगावर राहू देणे, हे थंडी भरण्याचे नेहमीचे कारण आहे. म्हणून कोरडा सदरा आणि कानटोपी या दोन वस्तू पिशवीत सर्वांत वर ठेवाव्यात, म्हणजे त्या शोधाव्या लागत नाहीत. दिवस लहान असतो. दिव्यातले सेल नवे घालावेत. थर्मासमधला गरम चहा किंवा सुंठेचे पाणी, तिळगुळाचा लाडू आणि टाचांच्या भेगांसाठी थोडे व्हॅसलीन, एवढे पुरे.

हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत कड्यांवर आग्या मोहोळे असतात. गडावर तीव्र वासाचे अत्तर लावून जाऊ नये, धूर करू नये, मोहोळाखाली गोंगाट करू नये. माश्या उठल्याच, तर तोंड व मान झाकून तिथून शांतपणे पण त्वरित दूर व्हावे. त्यासाठी गळ्यात एक मोठा रुमाल किंवा पंचा नेहमी असावा. तोच पुढच्या ऋतूत दुसऱ्या कामाला येतो.

उन्हाळा : पाणी आणि माघार

फाल्गुन संपला की ज्येष्ठांनी चढाई शक्यतो टाळावी, असेच माझे मत आहे. तरीही मुलांच्या सुट्ट्या याच दिवसांत असतात आणि सहकुटुंब जाणे याच दिवसांत जमते. मग सूर्योदयापूर्वी चालायला लागावे आणि दहाच्या आत पायथ्याशी परतावे. हे वेळापत्रक जमणार नसेल, तर रायगडाला रज्जुमार्ग आहे आणि सिंहगडावर गाडीरस्ता आहे. त्यांचा उपयोग करण्यात कमीपणा नाही. वर पोचून नातवंडांना बुरूज दाखवण्याची शक्ती शिल्लक राहणे अधिक मोलाचे.

उन्हाळी पिशवीचे अर्धे वजन पाण्याचे असते. गडावरच्या टाक्यांवर विसंबून राहू नये; अनेक टाकी या दिवसांत आटतात आणि उरलेले पाणी पिण्याजोगे असेलच असे नाही. माणशी तीन लिटर पाणी घरून किंवा पायथ्यावरून घ्यावे. त्यातले एक लिटर आजोबांच्या पिशवीत, बाकीचे तरुणांच्या पाठीवर. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट घ्यावेत. मीठ-साखरेचे तयार पाकीट वेष्टनावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात विरघळवावे. ते नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण. रक्तदाब, मूत्रपिंड, मधुमेह किंवा हृदय यांच्या विकारामुळे मीठ, साखर वा पाणी मोजून घ्यायला सांगितले असेल, त्यांनी हे प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. आणि पाणी मोजून प्यावे लागते अशा माणसाने उन्हाळी चढाईला जाऊच नये.

या ऋतूत सुती कापड पुन्हा मित्र होते. सैल, फिक्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी आणि तो पंचा. भिजवून मानेवर टाकला की वाऱ्याने अंग निवते. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, ही समजूत घराघरांत आहे. कांदा अवश्य न्यावा आणि भाकरीबरोबर खावा; ऊन मात्र सावली, पाणी आणि योग्य वेळ यांनीच टळते. वापरातले इन्सुलिन तीस अंशांच्या वर तापू देऊ नये. ते उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कधीही ठेवू नये, आणि बर्फालाही थेट टेकवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. दम्याचा पंपही उन्हात तापता कामा नये.

बरोबरचे माणूस असंबद्ध बोलू लागले, अंग तापले, पावले वाकडी पडू लागली, तर तो उष्माघात समजावा. तत्काळ सावलीत निजवावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि मदत बोलवावी. तापाची गोळी येथे काम करत नाही. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये; ते श्वासनलिकेत जाते.

ज्याविषयी कोणी बोलत नाही

पुष्कळ वडीलधारी माणसे, विशेषतः स्त्रिया, प्रवासात पाणी पीत नाहीत. त्यामागे तहान नसणे हे कारण नसते. आडोसा मिळेल का, ही भीती असते. लाजेपोटी दिवसभर कोरडे राहिल्याने चक्कर येते, लघवीचा संसर्ग होतो, आणि घरी परतल्यावर ‘गड सोसला नाही’ असा निष्कर्ष निघतो. गड बिचारा यात निर्दोष असतो. पिशवीत एक गडद रंगाची जुनी साडी किंवा मोठी ओढणी आडोशाला, कागद, साबणाचा तुकडा, थोडे वेगळे पाणी आणि कचरा परत आणायला पिशवी ठेवावी. लघवीवर ताबा राहत नसेल तर प्रौढांसाठीचे डायपर आणि एक जादा वस्त्र घ्यावे. सुनेने किंवा लेकीने निघण्यापूर्वी हळूच ‘आई, मी हे सगळे घेतले आहे, तुम्ही निर्धास्त पाणी प्या’ असे सांगितले, तर ते वाक्य मीठ-साखरेच्या पाकिटाइतकेच गुणकारी ठरते.

सोबत्यासाठी

काळजीवाहकांनो, पिशवी तुम्ही एकट्याने भरू नका आणि त्यांनाही एकट्याने भरू देऊ नका. आदल्या संध्याकाळी सगळ्या वस्तू चादरीवर मांडा आणि कोणती वस्तू कोणत्या कप्प्यात जाते ते त्यांच्या हातांनी घडू द्या. स्वतः ठेवलेली वस्तू अडचणीच्या वेळी हाताला सापडते. विस्मरणाचा त्रास असलेल्या माणसाजवळ त्याचा कागद पिशवीत न ठेवता सदऱ्याच्या खिशात टाचणीने अडकवावा, आणि एका माणसाने दिवसभर त्यांच्याच गतीने, त्यांच्याच शेजारून चालावे. चढताना सोबत्याने मागे राहावे, उतरताना एक पाऊल पुढे.

त्याच संध्याकाळी आणखी एक गोष्ट ठरवावी, ती म्हणजे माघारीची वेळ. ‘सकाळी साडेनऊला जिथे असू तिथून परत फिरायचे’ असे घरी, शांत डोक्याने, सर्वांच्या संमतीने ठरवून त्याच कागदाच्या मागे लिहावे. माथा दहा मिनिटांवर दिसत असताना वडिलांना ‘आता पुरे’ म्हणणे मुलाला जड जाते आणि ऐकणे वडिलांना त्याहून जड. कागदावर लिहिलेली वेळ असली की कोणाला कोणाचे मन मोडावे लागत नाही.

हे सारे सह्याद्रीपुरते आहे, हे लक्षात असू द्यावे. आपले सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंचीचे. येथे विरळ हवेचा त्रास होत नाही. केदारनाथ साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंच आहे, आणि साधारण अडीच हजार मीटरांपुढे शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला दिवस द्यावे लागतात. सह्याद्रीत यशस्वी ठरलेली पिशवी उचलून हिमालयात जाणे चुकीचे होईल. त्या यात्रेची वैद्यकीय तपासणी आणि तयारी वेगळी.

परत आल्यावर पिशवी दाराआड तशीच टाकू नये. दुसऱ्या दिवशी ती रिकामी करून उन्हात ठेवावी, ओले मोजे आणि उरलेले अन्न काढावे, औषधांच्या मुदती पाहाव्यात, जे उपयोगी पडले आणि जे उगाच वाहिले ते त्याच कागदावर टिपून ठेवावे. पावलांवर फोड, अंगावर चट्टे, गुडघ्याला सूज आहे का ते घरच्या कोणीतरी नीट पाहावे. मग कागद, शिटी, काठी आणि दिवा या चार वस्तू पिशवीत परत ठेवून ती खुंटीला लावावी. पुढच्या वेळी आजी ‘मीही येणार’ म्हणतील, तेव्हा घरात वाद सुरू होण्याआधी कोणीतरी उठून ती पिशवी खाली काढील आणि एवढेच विचारील, ‘आजी, कोणत्या महिन्यात जायचे?’